पायथन : लिनक्सवर टेस्ट पास, विंडोजवर मधूनच फेल, असं का?

तुमची टेस्ट टाइम डॉट मोनोटॉनिकने (कधीच मागे न जाणारं घड्याळ) वेळ घेते, 0.01 सेकंद स्लीप करते, म्हणजे थांबते, आणि परत वेळ घेऊन फरक बघते, आणि विंडोजवर तो फरक कधीकधी चक्क शून्य येतो, बरोबर ना? तुमच्या कोडमध्ये काही चूक नाहीये.

सीपायथनमध्ये (आपण नेहमी वापरतो तो, सी भाषेत लिहिलेला पायथन) फंक्शनचं नाव एकच असलं तरी आतल्या सी कोडमध्ये इफडेफ (कंपाइल करताना लागणारी अट) लावून प्रत्येक ओएससाठी वेगळा कॉल कंपाइल होतो. लिनक्सवर क्लॉक गेटटाइम, तो नॅनोसेकंदात उत्तर देतो. विंडोजवर पायथन 3.12 पर्यंत गेटटिककाउंट64 हा कॉल होता आणि ते घड्याळ साधारण 15.6 मिलिसेकंदांनीच पुढे सरकतं, त्यामुळे मधले 10 मिलिसेकंद त्याला दिसतच नाहीत, एकतर 0 नाहीतर थेट 15-16.

गंमत म्हणजे 3.11 मध्ये विंडोजवरचा स्लीप सुधारला, हाय रिझोल्यूशन, म्हणजे बारीक मोजणारा टायमर आला आणि स्लीप नेमका झाला, पण मोजायचं घड्याळ तेच जुनं राहिलं! म्हणून 3.11 आणि 3.12 वर हा घोळ जास्त जाणवतो. 3.13 मध्ये मोनोटॉनिकसुद्धा क्वेरी परफॉर्मन्स काउंटर या विंडोजच्या बारीक मोजणाऱ्या घड्याळावर गेलं.

अपग्रेड करता येत असेल तर करून टाका, नसेल तर टाइम डॉट पर्फ काउंटर वापरा, तो विंडोजवर आधीपासूनच बारीक मोजतो. साधं टाइम डॉट टाइम मात्र यासाठी नकोच, सिस्टिमची वेळ कोणी मागेपुढे केली की फरक मायनसमध्येही जाईल. आणि सीआय मशीनवर (जिथे टेस्ट आपोआप चालतात) लोड असेल तर स्लीप लांबतोच, तेव्हा टेस्टमध्ये फरकाची वरची मर्यादा जरा सैल ठेवा.