रोमँटिक सस्पेन्समधला जपणारा नायक इतका का आवडतो, आणि चांगली कादंबरी कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की नायिका वाचणार, दोघं एकत्र येणार हे आधीच ठाऊक असूनही रोमँटिक सस्पेन्स, म्हणजे प्रेमकथा आणि जिवावरचा धोका एकत्र असलेल्या कादंबऱ्या वाचताना जीव टांगणीला का लागतो, आणि त्यातली चांगली कोणती हे आधी कसं ओळखायचं.

माझ्या मते शेवट ठाऊक असतो म्हणूनच भीतीची मजा घेता येते. प्रेमकथा केंद्रस्थानी आणि शेवट समाधानाचा, हा या प्रकारातला वाचकाला दिलेला शब्द आहे. तो पाळला जाणार याची खात्री असली की माणूस बिनधास्त घाबरतो. मग ‘वाचेल का’ याऐवजी ‘कशी वाचेल आणि त्यापायी कोणाला काय गमवावं लागेल’ इकडे लक्ष लागतं. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं तर १५ मिनिटांची उत्कंठा. म्हणून खलनायकाच्या नजरेतून लिहिलेली दोन-तीन छोटी प्रकरणं सुरुवातीलाच असली तर मला ती चांगली खूण वाटते. तिच्या घराची किल्ली कोणाच्या खिशात आहे हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं.

भीती आणि ओढ, दोन्हींत शरीर जवळपास सारखंच वागतं, हेही एक कारण आहे. १९७४ साली डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारून आपला फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. कमी उंचीच्या भक्कम पुलावरच्या १६ जणांपैकी फक्त २ जणांनी. छातीतली धडधड पुलामुळे होती, तिचं श्रेय मात्र मुलीला मिळालं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पाठलागानंतरचा प्रेमप्रसंग जास्त का भिडतो, याचा अंदाज यावरून येतो.

आता नायक. जपणं आणि ताबा घेणं यांत गल्लत झाली की सगळी मजा जाते. समजा, नायिकेच्या दाराखालून कोणीतरी धमकीची चिठ्ठी सरकवली आहे. एक नायक ती चिठ्ठी खिशात घालतो, तिचा फोन काढून घेतो आणि म्हणतो, ‘आजपासून तू माझ्याकडे राहायचं.’ दुसरा चिठ्ठी टेबलावर ठेवतो, आपल्याला जे कळलंय ते सगळं तिला सांगतो, कुलूप बदलतो, नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तिच्या हातात देतो आणि रात्रभर दाराकडे तोंड करून खुर्चीत बसतो. पहिला कितीही देखणा आणि धिप्पाड असला तरी मी ते पुस्तक मिटून ठेवते. दुसऱ्याने माहिती लपवली नाही, निर्णय तिच्यावर सोपवला आणि झोप स्वतःची मोडली. वाचताना जो ऊबदारपणा जाणवतो तो या तीन गोष्टींमुळे. नुसत्या दणकट बाहूंवर फार तर पन्नास पानं निघतात.

ई-पुस्तकाचा सुरुवातीचा भाग बऱ्याचदा फुकट वाचायला मिळतो, तेवढ्यात परीक्षा होते. धोका नायिकेच्या कामातून किंवा तिला असलेल्या माहितीतून आलाय का, ते बघा. ती हिशेब तपासनीस असेल आणि वहीतली खोटी नोंद तिने पकडली असेल, तर गोळी नायक अडवू शकतो, पण ती वही तिच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे, हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. आणखी एक कसोटी: मनातल्या मनात प्रेमकथा काढून टाका. रहस्य जसंच्या तसं सुटत असेल तर दोन धागे नुसते शेजारी ठेवलेत, विणलेले नाहीत.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा नायिकेच्या अकारण मूर्खपणात. ‘एकटी बाहेर पडू नकोस’ असं ठरलेलं असताना ती कोणाला न सांगता बाहेर पडते, कारण लेखकाला तिला खलनायकाच्या तावडीत पोचवायचं असतं. तिला जायला भाग पाडणारं कारण असेल, उदाहरणार्थ बहिणीच्या जिवावर बेतलं असेल, तर तोच प्रसंग पटतो. मारेकरी दोन मिनिटांच्या अंतरावर असताना थांबून घेतलेलं चुंबन ताण मारून टाकतं. तेच सुरक्षित घरात पोचल्यावर, हात अजून थरथरत असताना आलं तर चपखल बसतं. खलनायक शेवटच्या चाळीस पानांत पहिल्यांदाच दिसला तर ती वाचकाची फसवणूक आहे. शेवटाआधीचा दुरावाही नीट पाहा. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत नायक तिला न विचारता निघून जातो, ही सर्रास वापरली जाणारी पळवाट आहे. त्याने आधी लपवलेली एखादी गोष्ट उघडी पडून दुरावा आला, तर तो कथेतूनच उगवलेला वाटतो.

एकाच पथकातल्या सोबत्यांवर मालिका असेल, म्हणजे दर पुस्तकात त्यांतला एक जण नायक, तर पहिल्या पुस्तकापासूनच वाचा. पुढच्या भागांत आधीची जोडपी संसारात रमलेली दिसतात आणि आधीचा फितूर कोण होता हेही सहज बोलून टाकलेलं असतं.

आणि शेवटची शंभरेक पानं एका बैठकीसाठी राखून ठेवा. त्याआधी रात्री पुस्तक मिटायचंच असेल तर प्रकरणाच्या मध्यावर मिटा. शेवटाशी गळ टाकून ठेवलेला असतो. तिथे थांबायचं ठरवलंत तर पुढचं प्रकरण उघडलं जातंच.