धावून जमवलेल्या पैशांबद्दल विचारलंत, आणि बंद केलेली पेन्शन कंसात लिहिलीत

न्यूकॅसलहून पत्र आलंय. नवराबायको मूळचे ठाण्याचे, कासारवडवलीला फ्लॅट, आईबाबा तिथेच राहतात. नवरा आयटीत, बायको, म्हणजे आपल्या वहिनी, एनएचएसच्या (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलमध्ये लॅबला, वय ३८ आणि ३६, तिकडे जाऊन सहा वर्षं झाली, पासपोर्ट अजून भारतीयच. पत्र वाचायला छान आहे: ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे जातात मग साडेचारलाच अंधार, गटारात पानांचा चिखल, हीटिंग कधी लावायचं यावरून घरात भांडण, आणि या सगळ्यात रविवारी सकाळी टाइन नदीच्या काठाने दोघांचं पळणं. सप्टेंबरमध्ये ग्रेट नॉर्थ रन, न्यूकॅसलपासून साउथ शील्ड्सपर्यंत २१ किलोमीटर, त्या पळण्यावर सहकाऱ्यांकडून देणग्या, नंतर महिनाभर ऑफिसचे चॅरिटी वीकेंड, आणि दिवाळीआधी वहिनींनी ऑफिसात चकली-शंकरपाळ्यांचा स्टॉल लावला त्यातून १८० पाउंड. असे सगळे मिळून २,६०० पाउंड जमलेत, त्यातले २,००० ब्रिटिश सहकाऱ्यांचे आणि ६०० यांचे स्वतःचे.

प्रश्न असा, की हे पैसे येऊरच्या बाजूला आदिवासी मुलांची अभ्यासिका चालवणाऱ्या एका छोट्या ट्रस्टला द्यायचेत, तर आधी बाबांच्या खात्यात पाठवून बाबांनी तिकडे रोख दिले तर चालेल का, ८०जीची (देणगीवर टॅक्स वजावट मिळते ती) पावती कोणाच्या नावाने घ्यायची, आणि रुपया अजून पडेपर्यंत थांबावं का.

आधी याचं उत्तर देऊन टाकतो, कारण मला दुसरंच बोलायचंय.

बाबांच्या खात्यातून अजिबात नको. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात परदेशी देणगी धरत नाहीत, म्हणजे तुमचे ६०० पाउंड तुम्ही तुमच्या एनआरई खात्यातून (परदेशातल्या कमाईचं भारतातलं खातं) थेट ट्रस्टला द्या, पासपोर्टची कॉपी जोडा, पावती घ्या, विषय संपला. पण सहकाऱ्यांचे २,००० ही परदेशी नागरिकांची देणगी आहे आणि ती मध्ये दोन माणसांच्या हातातून गेली तरी परदेशीच राहते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर ते पैसे घेऊन तेच अडकतील, आणि नोंदणी असेल तर पैसे त्यांच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच जायला हवेत. तुम्ही म्हणताय ट्रस्ट छोटा आहे, तर बहुतेक नोंदणी नसणार, फोन करून विचारा. नसेल तर सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांगा आणि त्यांचे पैसे भारतात काम करणाऱ्या एखाद्या ब्रिटनमध्ये रजिस्टर्ड चॅरिटीला द्या. पुढच्या वर्षीपासून तर तिच्याच पेजवर गोळा करा, सहकाऱ्यांनी गिफ्ट एडवर (देणाऱ्याने भरलेला टॅक्स सरकार चॅरिटीला देतं ती सोय) टिक केलं की १०० पाउंडांचे तिला १२५ मिळतात, तुमच्या खात्यात आलेल्या चिल्लरवर हे होत नाही.

८०जीचं म्हणाल तर रोख दोन हजारांच्या वर दिलं की वजावट नाही, नव्या टॅक्स रिजीममध्ये तर कशीच नाही, आणि दुसऱ्यांच्या पैशावर तुम्ही किंवा बाबांनी वजावट घ्यायची हा विचारच सोडा. रुपया पडायची वाट बघू नका. २,६०० पाउंडांवर रुपयाने दोनचार टक्के दिले तरी सहा ते बारा हजारांचा खेळ आहे, तोपर्यंत मुलांची वह्यापुस्तकं थांबायची का?

आता खरी गोष्ट. पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: "हिने मागच्या वर्षी एनएचएसची पेन्शन बंद केली कारण आम्हाला इथे कायमचं राहायचं नाही, ते पैसे आम्ही ठाण्याला गॅरंटीड प्लॅनमध्ये वळवलेत, ५० लाखांचे एक कोटी होतील." ही ओळ मी तीनदा वाचली. २,६०० पाउंडांसाठी दोन पानं लिहिलीत आणि याला एक कंस.

प्लॅन काय आहे ते तुम्ही जोडलेल्या कागदावरून दिसतंय. वर्षाला ५ लाख, दहा वर्षं भरायचे, आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी एक कोटी. मागच्या नोव्हेंबरात सुट्टीवर आला होतात तेव्हा घोडबंदर रोडच्या बँकेत एफडी रिन्यू करायला गेलात आणि रिलेशनशिप मॅनेजरने चहा पाजून हे गळ्यात मारलं. "डबल" हा त्याचा शब्द. हप्ते दहा वर्षांत एकेक करून जातात, म्हणून सरासरी साडेपंधरा वर्षांत डबल, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, पण समोर बसलेला माणूस ते करून दाखवत नाही कारण मग सही होत नाही. पीपीएफ ७.१ देतो. आणि महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचा एक कोटी म्हणजे आजचे जेमतेम ३१ लाख, तेवढ्यात आज कासारवडवलीला वन बीएचकेही मिळत नाही, तुम्ही तर त्याच्यावर रिटायर व्हायचं म्हणताय.

प्रीमियम बरोब्बर ५ लाख का ठेवला माहितीये? वर्षाचा एकूण प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला की १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसीची मॅच्युरिटी भारतात टॅक्सेबल होते. एवढा अभ्यास त्याने केला, पण ही सवलत भारतातली आहे आणि तुम्ही तेव्हाही ब्रिटनचे रेसिडेंट असाल तर तिथे या नफ्यावर इन्कम टॅक्स लागतो, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

आता सोडलं काय ते बघा. वहिनींचा पगार ४०,००० पाउंडांच्या आसपास. पेन्शनला त्यांच्याकडून ९.८ टक्के जायचे म्हणजे ३,९०० पाउंड, पण टॅक्स वाचतो तो धरला तर खिशातून प्रत्यक्ष ३,१०० च्या आसपास. त्या बदल्यात त्या वर्षाच्या पगाराचा चोपन्नावा भाग, म्हणजे ७४० पाउंड, दर वर्षी, जिवंत असेपर्यंत, आणि तोही महागाईप्रमाणे वाढत जाणारा. नोकरीत असेपर्यंत तर तो महागाईच्या वर आणखी दीड टक्क्याने वाढतो. एका वर्षाचे ३,१०० भरले की पेन्शन सुरू झाल्यावर सव्वाचार वर्षांत वसूल, पुढचं सगळं वर. असं कुठलंही प्रॉडक्ट भारतात कोणी विकत नाही कारण कोणालाच परवडणार नाही. एनएचएसला परवडतं कारण एम्प्लॉयरच्या बाजूने २३.७ टक्के भरले जातात, आणि वहिनींनी फॉर्मवर सही करून त्यावर पाणी सोडलं.

प्लॅन दहा वर्षं भरायचाय म्हणून तुलनेसाठी पेन्शनचाही दहा वर्षांचा हिशोब मांडतो, तुम्ही त्याआधी परत यायचं म्हणत असलात तरी, पाउंड १२० रुपये धरून. पेन्शनमध्ये दहा वर्षांत ३१,००० पाउंड म्हणजे ३७ लाख गेले असते आणि वयाच्या ६८ पासून आजच्या किमतीत वर्षाला ७,४०० पाउंड, जवळपास ९ लाख रुपये आले असते. ८५ पर्यंत जगल्या तर दीड कोटी, आजच्या पैशात. प्लॅनमध्ये ५० लाख घालून आजच्या पैशात ३१ लाख. प्लॅनचे पैसे बारा वर्षं आधी, छपन्नाव्या वर्षी हातात येतात हे कबूल, पण बारा वर्षांसाठी एवढी किंमत?

आणखी एक. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर पेन्शन स्कीम दोन वर्षांचा पगार देते, म्हणजे ८०,००० पाउंड, ९६ लाख रुपये, शिवाय नवऱ्याला पेन्शन. प्लॅनचं कव्हर ५० लाख. म्हणजे पैसे देऊन कव्हर कमी केलंत.

"इथे राहायचं नाही" हे कारण मी बऱ्याच लोकांकडून ऐकतो. पेन्शनला तुम्ही कुठे राहता याच्याशी घेणंदेणं नाही, दोन वर्षांच्या वर सदस्य असलात की हक्क पक्का, ठाण्याला परत आलात तरी वयाच्या ६८ ला भारतातल्या बँक खात्यात येते आणि महागाईप्रमाणे वाढत राहते. तुम्ही आधी चार वर्षं भरलेली आहेत, ती पेन्शन शाबूत आहे. हां, सरकारी स्टेट पेन्शन वेगळी, ती भारतात राहणाऱ्यांची वाढत नाही, आणि त्यासाठी किमान दहा वर्षं लागतात. तुम्ही अजून तीन वर्षांनी परत यायचं म्हणताय, म्हणजे नऊ. आणखी एक वर्ष काढता आलं तर बघा.

मग आता करायचं काय. वहिनींनी याच आठवड्यात पेरोलला मेल टाकून पेन्शनमध्ये परत जायचं, त्याला दंड वगैरे काही नाही. पॉलिसीचा दुसरा हप्ता नोव्हेंबरात आहे, तो भरायचा नाही. "आधीच पाच लाख गेलेत, आता सोडून कसं चालेल" हा विचार येणार, म्हणून तोही हिशोब देतो: पहिले पाच लाख बुडाले असं समजून उरलेले ४५ लाख भरले, तरी त्या ४५ लाखांवरचा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आतच बसतो. सरेंडर (पॉलिसी मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी) व्हॅल्यू दोन्ही कंपनीकडून लेखी मागवा. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, त्यामुळे पहिलं वर्ष संपल्यावर एका हप्त्यावरही थोडंफार परत मिळायला हवं. मिळेल ते कमी असेल, चिडचिड होईल, तरी घ्या.

जाता जाता, एफडीबद्दल. वीस लाखांची एफडी अजून साध्या रेसिडेंट खात्यावर आहे आणि बाबा दर एप्रिलला तुमच्या नावाने १५जी (टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म) भरून देतात असं लिहिलंय. एनआरआयला १५जी भरता येत नाही, आणि ते खातं सहा वर्षांपूर्वीच एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं साधं खातं) व्हायला हवं होतं. ते करून घ्या, मग टीडीएस ३१.२ टक्के कापतील, पण तिकडचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट दिलंत की भारत-ब्रिटन टॅक्स करारानुसार १५ वर येतो. आणि तेच व्याज ब्रिटनच्या रिटर्नमध्येही दाखवायचं, ६ एप्रिल २०२५ पासून रेमिटन्स बेसिस (परदेशातलं उत्पन्न ब्रिटनमध्ये आणलं तरच टॅक्स) गेलाय आणि चार वर्षांची नवी सवलत तिकडे नव्याने आलेल्यांना आहे, तुम्हाला सहा झाली. मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर तिथल्या अकाउंटंटला गाठा, ब्रिटनच्या टॅक्स खात्याने पत्र पाठवायच्या आत.

प्रीमियमचं ऑटो-डेबिट बंद करायला बाबांना ब्रँचमध्ये पाठवू नका, तिथे तोच रिलेशनशिप मॅनेजर बसलेला असेल आणि बाबा दुसरी पॉलिसी घेऊन घरी येतील. नेटबँकिंगवरून तुम्हीच करा.