अमेरिकन बेसबॉलपटू जॉश हॅमिल्टन सगळं हाताशी असूनही पुन्हा व्यसनाकडे का वळला? इच्छाशक्ती कमी पडली का?

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात आहे. पेशंटच्या घरचे हाच प्रश्न नाव बदलून रोज विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

इच्छाशक्ती नसती तर हा माणूस मैदानावर परतलाच नसता. १९९९ साली टॅम्पा बेच्या बेसबॉल संघाने त्याला निवडप्रक्रियेत सगळ्यांत आधी उचललं. पुढे कोकेन, दारू आणि २००४ पासून बंदी. २००७ मध्ये तो परतला आणि २०१० मध्ये अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला. खिशात जास्त रोकड ठेवायची नाही, आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी, दौऱ्यावर सोबतीला जॉनी नॅरन हे प्रशिक्षक. त्या वर्षी त्याच्या टेक्सास संघातल्या खेळाडूंनी विजयाचा जल्लोष शॅम्पेनऐवजी जिंजर एल हे बिनदारूचं पेय उडवून केला, जॉशला त्यात मोकळेपणाने उभं राहता यावं म्हणून. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत एवढा विचार कोण करतं?

आता घसरण कधी झाली ते बघा. जानेवारी २००९, जानेवारी २०१२ आणि २०१५ च्या सुरुवातीला. तिन्ही वेळा हंगाम बंद होता. सामना नाही, सराव नाही, दिवस रिकामा. २०१२ च्या आधी तर नॅरन दुसऱ्या संघात गेले होते. पहिल्या दोन वेळा कोकेन नव्हतं, फक्त दारू होती. ‘माझं व्यसन वेगळं, बिअरने काय होतंय’ हे वाक्य आमच्याकडेही नेहमी ऐकू येतं, पण मेंदूला बाटली आणि पुडी यांतला फरक कळत नाही.

२०१५ मध्ये तो कुठे पकडला गेला नव्हता. कोकेन आणि दारू घेतल्याचं त्याने स्वतःच लीगला कळवलं. लवादाने त्याला शिक्षा करता येणार नाही असा निर्णय दिला, पण तेव्हाच्या त्याच्या संघाचे मालक कराराकडे बोट दाखवत राहिले आणि महिन्याभरात त्याची टेक्सासला परत रवानगी झाली. याचा मला आजही राग येतो. खरं सांगितल्यावर असं वाट्याला येत असेल, तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?

तुमच्या घरी कुणी असेल तर खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं यावर सगळी ताकद घालवू नका. पगाराचा दिवस, सुट्टी, सोबतीचा माणूस गावाला गेलेला आठवडा, या वेळा आधीच ओळखून भरून काढा. आणि तो स्वतःहून ‘काल घेतली’ म्हणाला, तर पोरांच्या शपथा घालू नका. कधी, कुणाबरोबर, त्याआधी काय झालं होतं, एवढं विचारा आणि त्याच दिवशी समुपदेशकाला फोन लावा. फोन शक्यतो त्यालाच करू द्या.