करळ फाट्यावरचं परराष्ट्र धोरण

नेरूळ, नवी मुंबई
रविवार, रात्री

प्रिय बाळा,

शुक्रवारी स्टेशनवर उरणच्या लोकलची वाट बघताना तू म्हणालीस, ‘काका, देशादेशांतले संबंध दिल्लीत ठरतात. आपण नुसते फॉर्म भरतो.’ आणि लगेच सांगितलंस, की नोकरी सोडून आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायला जायचं मनात आहे. तेवढ्यात गाडी आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

एमएला जरूर जा. घरी पटवून द्यायची वेळ आली तर मी स्वतः येईन. पण ‘नुसते फॉर्म’ हा शब्द सोबत घेऊन जाऊ नकोस. तीस वर्षं न्हावा शेवा बंदरातल्या मालाचे कस्टम्सचे कागद हाताळल्यावर माझी खात्री झालीय, की शेजारच्या देशांशी आपलं किती जमतं आणि किती बिनसतं, ते वर्तमानपत्रातल्या हस्तांदोलनाच्या फोटोपेक्षा आधी आपल्या टेबलावर दिसतं.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट सांगतो. तू तेव्हा कॉलेजात होतीस. कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि ती लगोलग लागू झाली. ज्यांचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज, भरून जहाज धक्क्याला लागलं होतं, किंवा ज्यांचा माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, त्यांना सूट होती. बाकीचे अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदराजवळच्या करळ फाट्यावर उतरलो तर नाशिककडून आलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागलेल्या. एका ड्रायव्हरनं ताडपत्री सोडून गोण्यांना वारा द्यायला सुरुवात केली होती. खालच्या थरातल्या दोन-तीन गोण्यांना ओल सुटली होती, तांबडी सालं त्याच्या पायाशी उडत होती. तो मला विचारत होता, ‘साहेब, आत घेतील का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच वेळी माझ्या फोनवर कोलंबोचा बायर होता, तोही हेच विचारत होता.

घरच्या बाजारात भाव भडकला की सरकारला काहीतरी करावं लागतं, हे मला कळतं. पण रातोरात करणं चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पलीकडच्या देशातल्या स्वयंपाकघरात त्याचा हिशोब ठेवला जातो. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस अशीच बंदी आली होती. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांच्या सभेत हसत हसत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, निदान आधी कळवत जा. सगळे हसले. पुढच्या महिन्यात त्यांच्या देशाला विमानानं कांदा आणावा लागला. मग तिथल्या व्यापाऱ्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान अशी दारं शोधली. २०२३ च्या बंदीत मित्रदेशांच्या विनंतीवरून बांगलादेशला ५०,००० टन आणि यूएईला १४,४०० टन सोडायची परवानगी मिळाली, ती मार्च २०२४ मध्ये, आणि तीही सरकारनं ठरवून दिलेल्या सहकारी संस्थेमार्फत. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पुरतं गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. एवढ्या काळात बायर दुसरीकडे गेला, तर त्याला दोष कसा द्यायचा? कोलंबोचा तो माणूस परत आला, पण आता तो निम्माच माल आपल्याकडून उचलतो. उरलेला निम्मा कुठून घेतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी आपला वस्तुव्यापाराचा करार ऑगस्ट २००९ मध्ये बँकॉकला झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. दिल्लीत तो ‘लूक ईस्ट’ धोरणाचं मोठं यश म्हणून गाजला. आमच्यासाठी तो ‘फॉर्म एआय’ नावाचा एक नवा कागद होता, माल कुठल्या देशात तयार झाला याचं सर्टिफिकेट. तळोज्याच्या एका पार्टीचा प्लॅस्टिकचा माल मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जायचा होता. मी घाईत सर्टिफिकेटवर एक एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आकडा, टाकला आणि इन्व्हॉइसवर वेगळाच. एचएस कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी चौथा आकडा चुकला. तिथल्या कस्टम्सनं सवलत नाकारली, बायरनं पूर्ण ड्युटी भरली. त्याचा फोन आला तेव्हा तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, की तुमच्या देशाचा करार झालाय असं ऐकून मी ऑर्डर दिली होती. त्या वाक्यानं मला जेवढी लाज वाटली, तेवढी कोणाच्या शिव्यांनी वाटली नसती. त्याच्यासाठी ‘भारत’ म्हणजे माझा तो कागद होता.

त्यानंतर मी कराराचा मूळ मसुदा बसून वाचायला लागलो. तूही वाच. वाचलंस तर कळेल, की आसियानच्या करारात सवलत मिळवायला मालात साधारणपणे किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांत पडलेलं असावं लागतं आणि शिवाय माल इतका बदललेला असावा लागतो, की त्याचा सहा आकडी कोड बदलेल. हा नियम का केला असेल, यावर विचार कर. उत्तर वाशीच्या मसाला मार्केटात मिळेल.

तिथे एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला काळी मिरी दाखवायला सांग. तो मूठभर दाणे तळहातावर घेईल, एक दाणा दातानं फोडेल आणि सांगेल ही कुठली. दाण्यावर देशाचं नाव लिहिलेलं नसतं, ते कागदावर असतं. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला आणि मार्च २००० पासून चालू झाला. तिथून मिरी सवलतीत येते, व्हिएतनामहून तशी येत नाही. मग व्हिएतनामची मिरी श्रीलंकेचं नाव लावून येते, अशी ओरड केरळ आणि कर्नाटकातले शेतकरी वर्षानुवर्षं करत राहिले. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारनं आयातीच्या मिरीला किलोमागे ५०० रुपयांची किमान किंमत लावली. सप्टेंबर २०२० पासून तर माल खरोखर त्या देशात तयार झाला याची माहिती आयातदारानं स्वतः बाळगायची, नुसतं सर्टिफिकेट पुढे करून चालायचं नाही, असा नियमच आला. तू ज्या प्रश्नावलीला ‘डोकेदुखी’ म्हणतेस ना, ती यातूनच आलीय. कोडगूच्या एखाद्या मळेवाल्याच्या वर्षभराच्या कष्टाची राखण तुझ्या त्या उत्तरांत आहे. तिथे कधी कोणी सांगितलं म्हणून खोटं लिहू नकोस. पार्टी कितीही मोठी असो, साहेब कितीही ओळखीचा असो.

मोठे आकडे तुला एमएला शिकवतीलच. आसियानशी आपली व्यापारतूट २०२२-२३ मध्ये ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि त्या कराराचा फेरआढावा घ्यायचं ठरलं. यूएईशी सर्वंकष करार फेब्रुवारी २०२२ मध्ये सह्या होऊन १ मेपासून लागू झाला, आणि २०२४-२५ मध्ये तिथला व्यापार १०० अब्ज डॉलरवर गेला. आखाताची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या रंगाचे रुपये छापले होते. दुबई, कतारमध्ये ते १९६६ पर्यंत चालले. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या कमाईवर चिरेबंदी भिंती उभ्या राहिल्या. जुलै २०२३ मध्ये रुपया आणि दिरहममध्ये थेट व्यवहार करायचा समझोता झाला, तेव्हा लोकांना ते नवल वाटलं. मला एक जुनी वाट पुन्हा झाडून काढल्यासारखं वाटलं.

आणि तुझ्या स्वतःच्या टेबलाचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली, दोन्हीकडचे शब्द कडवट होत गेले. १७ मे २०२५ ला आपल्याकडून आदेश निघाला, की बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या दोनच बंदरांतून येतील. जूनमध्ये तागाच्या बऱ्याच मालाला तर एकट्या न्हावा शेव्याचंच दार ठेवलं. बंगालच्या सीमेवर पेट्रापोलला पलीकडून ट्रकमधून येणारा शर्ट अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून उरणला उतरू लागला. त्या दिवसांत तुझ्याकडे बांगलादेशच्या चितगाव बंदराच्या फाइली अचानक का आल्या, हे तू मला विचारलंच नाहीस. विचारायला हवं होतंस. दोन शेजाऱ्यांमधला दुरावा नॉटिकल मैलांत मोजून तुझ्यासमोर ठेवला होता.

तुला हे सगळं दुसऱ्या कुणाहीपेक्षा जवळून कळायला हवं, असं मला वाटतं. तुझ्या आजोबांची खाजण आणि भातजमीन या बंदराच्या व्यापात गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी पडले, ते जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र आलं. पाच वर्षांनी, १९८९ च्या मे महिन्यात, त्याच भागात बंदर सुरू झालं. देश शेजाऱ्यांशी जोडला जातो तेव्हा त्याची किंमत कुठल्या तरी गावानं आधीच भरलेली असते, हे सेमिनारमध्ये उभं राहून बोलणारी मुलगी मला हवी आहे. पालघर जिल्ह्यात वाढवणला, नव्या बंदरापायी, आज तोच प्रश्न उभा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रवेश जूनमध्ये असेल तर तोपर्यंतचे महिने वाया घालवू नकोस. रोज सकाळी डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, अधिसूचना वाच आणि प्रत्येकीसमोर वहीत लिही, की ही कुठल्या देशाशी, कुठल्या भांडणातून किंवा कुठल्या मैत्रीतून आली. एक शेजारची भाषा धर. मी बंगाली म्हणेन, कारण चितगावच्या एजंटशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोललीस, की तो तुला जे सांगेल ते मेलमध्ये कधीच लिहिणार नाही. आठवड्यातून एकदा तरी एसीतून उठून सीएफएसला, म्हणजे कंटेनर भरायच्या-उघडायच्या गोदामाला, जा, कंटेनर उघडताना समोर उभी राहा. कागदावरचे बाराशे कार्टन प्रत्यक्षात कसे दिसतात, हे बघितल्याशिवाय व्यापारावर लिहू नये, असं माझं मत आहे.

पोर्ट क्लांगच्या त्या सर्टिफिकेटची झेरॉक्स मी अजून जपून ठेवलीय, चुकलेल्या आकड्याभोवती लाल गोल केलेली. शनिवारी आणतो. तू कपड्यांच्या त्या दोन फाइली काढून ठेव, उरणजवळच्या द्रोणागिरीला जाऊन माल बघून येऊ. डबा आणू नकोस, काकू दोघांचा देणार आहे.

तुझा,
काका