मोजक्या मुलांची सुट्टीतली बायबल शाळा
मुलं आठ-दहाच असतील तर वयानुसार वर्ग पाडायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांना एकत्र बसवा, गोष्ट एकच घ्या. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला चांगला शोमरोनी (लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या, शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट) घेतला तर धाकट्यांना जखमी वाटसरू आणि पट्ट्या बांधणारा होऊ दे. मोठ्यांना विचारा, याजक, म्हणजे देवळातला पुरोहित, त्या जखमीला पाहूनही दुसऱ्या बाजूने का निघून गेला असेल? उत्तर लगेच सांगू नका, थोडं भांडू दे त्यांना. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चित्रं रंगवायला बसवलंत की ती दुसऱ्या दिवशी उगवायची नाहीत. त्यांच्याकडे हजेरी, गाणी, धाकट्यांचा गट सोपवा. पाठांतराला रोज एक वचन पुरे. आणि हो, पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं ठेवा. ‘सगळी आपलीच तर माणसं आहेत’ असं चर्चच्या मंडळीतलं कुणीही म्हणालं, तरी यात सूट नाही.