चोरी कुणाची, कपात सगळ्यांची?
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी राळेगाव तालुक्यात एका जिनिंगमध्ये (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) मुकादम आहे. हंगामात पन्नास माणसे असतात, त्यात निम्म्या रेजा, म्हणजे मजूर बाया. महिनाभरात सरकी 12 क्विंटल कमी भरली. मालक प्रत्येकाच्या मजुरीतून 400 रुपये कापणार आहेत. शिवाय सुटीच्या वेळी गेटवर सगळ्यांचे डबे उघडून पाहतात. बाया चिडल्या आहेत. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कपात बेकायदा आहे, ती आधी थांबवा. 2019 च्या वेतन संहितेप्रमाणे नुकसानीपोटी मजुरी कापता येते ती ज्याच्या ताब्यात माल खास सोपवला होता त्याचीच, आणि तीही त्याच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले असेल तरच. त्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. आधीच्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातही हीच अट होती. रेच्यावर (सरकी काढायच्या यंत्रावर) कापूस टाकणाऱ्या बाईच्या ताब्यात सरकीचा ढीग कुणी दिला होता? कपात झालीच, तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

चोरी झाली हे तरी नक्की आहे का? 12 टक्के ओलाव्याचा 100 क्विंटल कापूस वाळून 8 टक्क्यांवर आला की 95.65 क्विंटल उरतो. म्हणजे सव्वाचार क्विंटलहून जास्त वजन नुसते पाण्याचे जाते. दिवाळीनंतरच्या ओल्या कापसाची आवक आणि जानेवारीतली वाळलेली सरकी समोरासमोर मांडली, तर तूट दिसणारच. प्रत्येक गंजीचा ओलावा मीटरने मोजून तारखेसह लिहा. मग रुई, सरकी आणि घट यांची बेरीज आवकेशी जुळते का ते पाहा.

तरीही तूट राहिली, तर 12 क्विंटल डब्यांतून जातील का याचा हिशेब करा. पन्नासच्या पन्नास जणांनी पंचवीस दिवस रोज जवळपास एकेक किलो नेली, तरच तेवढी भरते. एवढा माल गाडीनेच जातो, आणि त्याची वाट वजनकाट्यावरून आहे. रिकाम्या गाडीच्या वजनात माणसे किंवा दगड धरले की निव्वळ वजन कमी निघते आणि बिलापेक्षा जास्त सरकी बाहेर पडते. म्हणून रिकामे वजन घेताना ड्रायव्हर-क्लीनर खाली उतरवा, केबिन आणि डाला पाहा. गाडी भरून घेणारा आणि पावती लिहिणारा माणूस वेगळा ठेवा. तेल गिरणीच्या वजनाशी पावत्या दर आठवड्याला ताडून पाहा. काट्याच्या फटीत माती किंवा कापूस अडकला तर वजन चुकते, म्हणून रोज सकाळी शून्य तपासा. काट्यावर वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या) खात्याचा यंदाचा शिक्का आहे ना, तेही बघा.

गेटवरची तपासणी मालकाला ठेवता येईल, पण मग दिवाणजी, फिटर आणि मालकाच्या भाच्याच्या गाडीची डिकीही त्यात आली पाहिजे. फक्त मजुरांचे डबे उघडणे हा त्यांचा अपमान आहे. नियम मराठीत लिहून गेटवर आधी लावा. पिशवी जिची तिनेच उघडावी. अंगझडतीची वेळ आली तर ती बाईनेच, आडोशाला आणि दुसऱ्या बाईसमोर घ्यावी.

एकेकाला अर्धा मिनिट धरला तरी पन्नास जणांना पंचवीस मिनिटे लागतात, आणि शेवटच्या बाईची एसटी चुकते. त्यापेक्षा थैलीत नऊ पांढऱ्या आणि एक लाल गोटी ठेवा. जाताना प्रत्येकाने न पाहता एक काढून परत टाकावी. लाल निघाली त्याचीच पिशवी बघायची. कुणाला थांबवायचे हे चौकीदारावर सोडू नका. तो अमुक वस्तीतलीच माणसे अडवत राहतो, हे पुष्कळदा घडते.

प्रश्न : कॅमेरे लावले तर झडती बंद करता येईल का?

उत्तर : बरीचशी. काटा, सरकीचा ढीग आणि गेट, एवढ्या तीन जागा पुरतात. बायांच्या बसायच्या खोलीत कॅमेरा मुळीच नको. जिनिंगमध्ये भिंगावर रुईचे तंतू बसतात, म्हणून रोज कोरड्या फडक्याने पुसा. रेकॉर्डिंगच्या पेटीला इन्व्हर्टर द्या, नाहीतर लाइन गेली की नेमकी रात्रीची भराई दिसत नाही. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. पावत्या महिन्याने ताडल्या, तर तूट सापडेल पण त्या दिवसाचे चित्र सापडणार नाही.