घरबांधणीच्या सेवेत नव्याने येताय तर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपट्टा बांधून पहाटेच कामाला लागा, अकराच्या आत जड कामं उरका.

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावरच टेकवला तर भिंतीला तडे जातात. म्हणून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. मिस्त्री "अजून" म्हणाले की घमेलं उचला. विटा आधी भिजवा. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारायचं असतं. हे काम कुणाला नको असतं, तुम्ही मागून घ्या.

सकाळची प्रार्थना चुकवू नका. ज्यांचं घर बांधतोय त्या घरच्यांनाही बोलवा, आग्रह मात्र नको. प्रार्थनेला बसलो नाही तर घर मिळणार नाही, असं त्यांना क्षणभरही वाटू देऊ नका. याबाबत मी फार कडक आहे. खिडकी कुठे हवी, चूल कुठे, हे त्या घरच्या बाईंना विचारा. त्यांनी भाकर-झुणका वाढला तर त्यांच्यासोबत बसून जेवा. फोटो विचारूनच काढा.